कडेपर्यंत

गडबच्या शेतावर सकाळी सातला पोचायचं म्हणजे वरसेहून सहाला निघायला हवं. सुभाष कडू तीस वर्षं रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला उठत आला होता, त्यामुळे उठण्याचं त्याला काही नव्हतं. पण धाकट्या भावाचं विमान बघण्यासाठी रजा टाकून उठावं लागेल, असं त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं त्या माणसाला आधी चहा पाजला असता आणि मग वैद्य सुचवला असता. आज तो उठला तो वडिलांच्या निरोपामुळे. हैबतरावांचा निरोप आला की कडूंच्या घरात कुणी कारणं सांगत बसत नाही, चपला शोधतात.

निरोप अगदी थोडक्यात होता. दिनेशचं ते विमान शनिवारी सगळ्यांच्या समोर एकदा उडवायचं. नीट उडलं तर वालाच्या पिकावरून औषध मारत फिरवू द्यायचं. जानीच्या अंगणात एक जरी थेंब गेला, तर ते रामवाडीच्या दुकानात उलटं टांगून ठेवायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही.

जानीच्या अंगणाची भानगड गेल्या पौषातली. जानी आणि तिचा नवरा मंगळ्या शेताच्या पलीकडच्या वाडीत राहायचे. कडूंच्या शेतावर लावणीपासून झोडणीपर्यंत त्यांचे हात लागत आले होते. गेल्या वर्षी विमान पहिल्यांदा निंबोळीचं औषध घेऊन भर वाऱ्यात उडालं आणि त्यातलं निम्मं औषध जानीनं अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याच्या मासळीवर जाऊन बसलं. जवळा धुतला, पुन्हा वाळवला, तरी तोंडात धरवेना. "कडूंच्या विमानानं जवळा पण कडू केला," असं मंगळ्या नाक्यावर सांगत सुटला आणि अख्खं गडब आठवडाभर हसलं. हैबतराव मात्र हसले नाहीत. ते स्वतः जानीच्या दारात गेले आणि यापुढे थेंब येणार नाही असा शब्द देऊन आले. आता तो शब्द पाळायची वेळ आली होती.

सुभाष पोचला तेव्हा विमान मुरमाच्या रस्त्यावर उभं होतं. शेजारच्या जमिनीत प्लॉटिंगवाल्यानं एक सरळसोट रस्ता पाडून ठेवला होता आणि प्लॉट काही विकले गेले नव्हते. त्याची परवानगी काढून दिनेशनं तीच आपली धावपट्टी केली होती. चौदा फुटांचे पंख, पोटाखाली वीस लिटरची टाकी, पंखांच्या खालून जाणारी बारीक नळी आणि नळीला ओळीनं तोंडं. आत माणूस बसायचा नाही, खालून चालवायचं. सुभाषनं ते याआधी तुकड्यातुकड्यांत पाहिलं होतं. कधी शेपूट, कधी नुसता सांगाडा, कधी टेबलावर पसरलेलं इंजिन. असं पुरतं, उन्हात उभं असलेलं आज पाहिलं आणि त्याला आवडलं. आवडल्याचा त्याला रागही आला.

रागाला कारण होतं. त्याची मुलगी समीक्षा विमानांचंच शिकलेली. बंगळुरूला चांगल्या नोकरीत होती, काचेच्या इमारतीत बसत होती. दोन वर्षांपूर्वी ती गणपतीला आली, काकाच्या दुकानात चार दिवस बसली आणि परत गेलीच नाही. त्यानंतर चार महिने सुभाष दिनेशशी बोलला नव्हता. दहावी नापास वेल्डरनं इंजिनीअर पोरगी पळवली, असं तो बायकोला म्हणायचा. म्हणताना आपलं आपल्यालाच ते कसंसं वाटायचं, पण म्हणायचा.

खरं तर दिनेशनं कुणाला पळवलं नव्हतं. समीक्षा येण्याआधी तो दहा वर्षं एकटाच होता. दिवसा ग्रिल आणि शटरं, संध्याकाळी विमान. बारा वर्षांपूर्वी वालावर माव्याची कीड पडली होती आणि पंप पाठीवर घेऊन फवारता फवारता मंगळ्या भोवळ येऊन पडला होता. तेव्हाची औषधं जहाल. दिनेशनं त्याला खांद्यावर घेऊन हमरस्ता गाठला होता. तीन दिवसांनी मंगळ्या दवाखान्यातून उठला आणि त्याच आठवड्यात दिनेशनं बांबू आणि ताडपत्रीचं पहिलं विमान बांधलं. ते खाडीच्या चिखलात गेलं. दुसरं बाभळीत. तिसरं अकरा सेकंद उडालं, तेव्हा दिनेशनं पेढे वाटले आणि सगळ्यांनी ते हसत हसत खाल्ले. पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यात दोन उन्हाळे फुकट राबून तो साचे काढायला शिकला, म्हणून आजच्या या पंखांना कुठे सांधा दिसत नव्हता. अलिबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना आकाशात फिरवणाऱ्या खुर्चीचं जुनं इंजिन त्यानं आणलं आणि इतक्या वेळा उघडलं की ते झोपेतसुद्धा जोडता येईल असं तो म्हणे. एखादा माणूस एवढ्यानं थांबला असता. सुभाष नक्कीच थांबला असता, आणि हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

"नाना, आलास?" दिनेश म्हणाला. त्याच्या हाताला ग्रीस होतं म्हणून त्यानं कोपर पुढे केलं. सुभाषनं कोपराला हात लावला. चार महिन्यांच्या अबोल्यानंतर भावांचं एवढंच जमत होतं.

बांधावर हैबतराव बसले होते. वय ब्याऐंशी, पाठ अजून ताठ. शेजारी त्यांची धाकटी बहीण, सगळ्यांची सरूआत्या. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली त्याला आता चाळीस वर्षं झाली आणि हैबतरावांना "दादा" म्हणून वर दोन शब्द सुनवायचा हक्क साऱ्या गावात तिच्या एकटीकडे होता. तिच्या मांडीवर हळदीच्या कागदांचा गठ्ठा होता.

हे कागद म्हणजे आत्या आणि समीक्षा यांचं मिळून झालेलं काम. थेंब कुठे पडतात ते बघायला बाहेर खास कागद मिळतात, ते परदेशातून मागवावे लागतात. गेल्या उन्हाळ्यात आत्या पापड करत होती. हळद कुटलेल्या हातानं तिनं पापडखाराचं पाणी घेतलं आणि हात लालभडक झाला. समीक्षा शेजारी बसली होती. तिनं आत्याचा हात धरून ठेवला आणि सोडेचना. दुसऱ्या दिवशी तिनं वहीचे कागद हळदीत बुडवून वाळवले, टाकीत पापडखाराचं पाणी भरलं, आणि जिथे थेंब पडेल तिथे लाल ठिपका उठायला लागला. औषध उधळायला नको आणि परदेशी कागदही नकोत.

भात कापलेल्या मोकळ्या शेतात आत्यानं काटक्या रोवल्या होत्या. दर तीन पावलांवर एक काटकी, प्रत्येक काटकीला एक पिवळा कागद. शेताच्या पलीकडे बांध, बांधापलीकडे फुलावर आलेला वाल, आणि वालाच्या पलीकडे दीडशे पावलांवर जानीचं कुडाच्या भिंतींचं घर. हैबतरावांनी एक कागद जानीच्या हातात दिला.

"तुझ्या कुडाला लाव. आणि कुनाला हात लावू देऊ नको. मला पन नाय."

जानी हसली आणि कागद पदराआड धरून गेली.

समीक्षानं विमान चालवायचं यंत्र गळ्यात अडकवलं. तिच्या दोन अंगठ्यांखाली दोन दांड्या होत्या. दिनेशनं पंखा फिरवला, इंजिन खोकलं, मग एकसुरी बोलायला लागलं. विमान मुरमावरून धावलं. शेपूट उचललं, चाकं उचलली. हे सुभाषच्या भावानं रामवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवलं होतं आणि ते उडत होतं. एका बाजूला कलून ते वळलं, खाली आलं, छातीएवढ्या उंचीवर येऊन शेतात शिरलं. पंखांखाली पांढरा पडदा उघडला. भाताच्या खुंटांवरून ते एका रेषेत गेलं, बांध आला तसं सहज वर उठलं, आणि पडदा मिटला. पाण्यावरून बगळा जातो तसं. तीन वेळा गेलं, तीन वेळा आलं. समीक्षाच्या चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. ती लहानपणी गणिताचा पेपर सोडवताना अशी दिसायची, हे सुभाषला आठवलं.

विमान उतरलं तेव्हा सगळे कागदांकडे धावले. काटकीमागून काटकी तोच लाल दाणा, दाट आणि सारखा. मंगळ्यानं एक कागद उन्हात धरला आणि म्हणाला की पंप घेऊन एवढं सारखं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. दिनेशनं खाली बसून बूट बांधला, आणि बुटाला नाडी नव्हती.

तेवढ्यात जानी आली. तिनं पळत यायला हवं होतं, ती चालत आली. कागद हैबतरावांच्या हातात देऊन ती बाजूला उभी राहिली.

कागदावर सात ठिपके होते. छोटे, पण लाल.

हैबतरावांनी ते बोटानं मोजले. एकदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"झालं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावर काही बोलता येतं. "दिन्या, मशीन चांगली हाय. मी डोळ्यांनी बघितली. पन मी शब्द दिलेला. गाडीत भर."

"आबा, सात ठिपके म्हणजे काहीच..." समीक्षानं सुरुवात केली.

"जानीच्या घरचं खानं हाय ते. सात काय नि सत्तर काय."

दिनेश उठला आणि विमानाकडे गेला. त्यानं टाकीची नळी सोडवायला घेतली. मागून समीक्षा गेली. सुभाष तिथेच उभा राहिला आणि त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला नंतर बरेच दिवस लाज वाटली. त्याला हलकं वाटलं. संपलं एकदाचं, असं वाटलं. पोरगी महिनाभर रडेल आणि मग बंगळुरूला जाईल. तिथे अजून तिची जागा राखून ठेवली आहे, असं तिच्या मैत्रिणीनं, नम्रतानं, मागच्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं.

सरूआत्या मात्र बांधावरून हलली नव्हती. विमान खाली येताना, जाताना ती एकदाही कागदांकडे बघत नव्हती. पंखांकडे बघत होती. आता ती काठी टेकत उठली आणि विमानापर्यंत चालत गेली. पंखाच्या टोकाशी जाऊन तिनं नळीचं शेवटचं तोंड बोटानं चाचपलं.

"दादा, जरा इकडं ये," ती म्हणाली. हैबतराव गेले. बाकीचेही गेले. "मधलं पानी बघितलंस? गप खाली बसलं. टोकाचं मातुर बसलं नाय. टोकाचं गोल फिरून वर चढलं नि जानीकडं गेलं. मी तिनी खेपंला बघितलं."

"वारा असंल."

"वारा असता तर समदंच गेलं असतं. इतकी वर्सं उपनतेय मी, मला वारा नको शिकवू. सुपाच्या कोपऱ्यातनं भात सोडला की दाना पन भुशाबरोबर जातो. म्हनून मधनं सोडायचं. ही भोकं पंखाच्या पार टोकाला कुनी पाडली?"

समीक्षाचा चेहरा लाल झाला. तीन आठवडे जे ती आकडे मांडून सांगू पाहत होती ते आत्यानं सुपात घालून दाखवलं होतं. पंखाच्या टोकाशी खालची हवा वर वळते, भोवरा होतो, आणि त्या भोवऱ्यात सापडलेला थेंब कुठेही जातो. म्हणून नळी टोकाच्या बरीच अलीकडे थांबवायची असते. तिनं काढलेल्या चित्रात ती तशीच थांबली होती.

"आत्याआजी, आधी नव्हती टोकापर्यंत," ती म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी वाढवली. मी काकाला नको म्हणत होते. पण आबांचा..."

"समू," दिनेश म्हणाला.

"का गप्प बसू? आबांचाच हुकूम होता."

हैबतरावांनी मान वर केली. "माझा?"

कडूंच्या घरात आबांना तोंडावर चुकलात म्हणायची रीत नव्हती. ती रीत कुणी घातली नव्हती, तशीच आली होती. मंगळ्यासुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

"मी कवा सांगितलं नळी वाढव म्हनून? मला नळीतलं काय कळतं?"

"नाय आबा, तुम्ही नाय," दिनेश घाईनं म्हणाला. "माझ्याच डोक्यातनं निघालं. मीच वाढवली. चूक माझी."

आणि त्या क्षणी सुभाषला आपण केलेला एक फोन आठवला.

तीन आठवड्यांपूर्वी तो गडबला आला होता. निघताना हैबतराव ओट्यावरून म्हणाले होते, दिन्याला सांग, कडेपर्यंत गेलं पायजे. कड राहिली की मावा तिथनंच परत चढतो. सुभाषनं मान हलवली होती आणि वरसेला पोचून दिनेशला फोन केला होता. कंपनीत तीस वर्षं नळ्या, पंप आणि व्हॉल्व्ह यांच्यातच गेली, त्याच्या डोक्यात नळीच आली. आबा म्हणतात नळी कडेपर्यंत पायजे, असं त्यानं सांगितलं. कडेपर्यंत म्हणजे पंखाच्या? दिनेशनं विचारलं होतं. सुभाष वैतागला होता. जेवायला बसायचं होतं. व्हय, मग कशाच्या, असं म्हणून त्यानं फोन ठेवला होता.

शेताच्या. हैबतरावांच्या तोंडी कड म्हणजे शेताचीच कड, दुसरी कुठली असणार? बांधालगतची ती हातभर पट्टी, जी आळशी माणूस सोडून देतो. सुभाष याच शेतात लहानाचा मोठा झाला होता, त्याच पट्टीवर उभं राहून त्यानं बापाच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि हा शब्द त्याच्या कानातून यंत्राचा होऊन बाहेर पडला होता.

दिनेशला हे कळलं होतं. आताच कळलं असेल, आबांनी "माझा?" म्हटलं तेव्हा. तो भावाकडे बघत नव्हता, मुद्दाम बघत नव्हता. त्यानं ठरवलं होतं की हे आपल्या अंगावर घ्यायचं. बारा वर्षं हसू अंगावर घेतलंच होतं, आणखी एक.

सुभाषला गप्प राहणं अगदी सोपं होतं. कुणी त्याला विचारत नव्हतं. गप्प राहिला तर विमान टांगलं जाणार होतं, पोरगी नोकरीवर जाणार होती, आणि तो दोन वर्षं देवाला जे मागत होता ते फुकटात पदरात पडणार होतं. त्यानं समीक्षाकडे पाहिलं. गळ्यातलं यंत्र तिनं अजून काढलं नव्हतं. दोन्ही अंगठे दांड्यांवर तसेच होते, आणि समोरचं विमान बंद होतं.

"आबा, दिन्या खोटं बोलतोय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्ही मला बोललात, कडेपर्यंत गेलं पायजे. तुम्ही शेताची कड बोललात. मी त्याला पंखाची सांगितली. त्यानं विचारलं पन होतं, मीच नीट ऐकलं नाय. नळी माझ्यामुळं वाढली. त्याचं विमान बरोबर होतं. समूचं चित्र पन बरोबर होतं."

समीक्षा बापाकडे बघत राहिली. हैबतराव जवळ आले. सुभाष छपन्न वर्षांचा होता, दोन वर्षांनी निवृत्त होणार होता, तरी त्याला वाटलं आता कानाखाली बसणार.

"तीस वर्सांत कड म्हंजे काय ते इसरलास," ते म्हणाले.

एवढंच. सुभाषच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही. कानाखाली बसली असती तर इतकं लागलं नसतं.

म्हातारा वळला. "मंगळ्या, खाडीचा वारा कवा उठंल?"

मंगळ्यानं वालाच्या शेंड्यांकडे पाहिलं. "साडेनवाच्या आत नाय उठत."

"आता किती वाजले?"

"आठ वीस," समीक्षा म्हणाली.

"मग उभी काय राह्यलात?"

पुढची पंचवीस मिनिटं सुभाषला कायमची लक्षात राहिली. समीक्षा सांगत होती की दोन्ही बाजूंची शेवटची तीन-तीन तोंडं काढून तिथे बुचं मारली तरी पुरे, नळी कापायला नको. सुभाषनं विचारलं बुचं कुठून आणायची, पेणला जाऊन यायला तास जाईल. दिनेशनं शर्टाच्या खिशात हात घातला आणि पितळेची सहा बुचं तळहातावर काढली. तीन आठवडे तो ती खिशात घेऊन फिरत होता. आबांचा हुकूम पाळून नळी तर वाढवली, पण आपलं खरं ठरलं तर हाताशी असावीत म्हणून बुचंही करून ठेवली. सुभाषनं ती सहा बुचं पाहिली आणि आपला भाऊ केवढा आहे ते त्याला कळलं. त्यानं पाना उचलला. आटे कसे बसवायचे हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. दोघे भाऊ पंखाखाली पाठीवर झोपले. दिनेश धरायचा, सुभाष पिळायचा. तिसऱ्या बुचाला दिनेश म्हणाला की नानाचा हात अजून बापासारखाच जड आहे, आणि दोघे हसले.

आठ सत्तेचाळीसला विमान दुसऱ्यांदा उठलं. आत्यानं नव्या काटक्या रोवल्या होत्या. जानी नवा कागद घेऊन घराकडे गेली होती, आणि या वेळी हैबतराव तिच्याबरोबर गेले होते. सुभाषनं तिकडे पाहिलंच नाही. तो पंखांकडे बघत होता, आत्यासारखा. या वेळी पडदा थोडा अरुंद उघडला, पण सगळा खाली बसला. टोकं कोरडी होती. स्वच्छ, काहीच न लपवणारी कोरडी टोकं. वळताना पंख उन्हात चमकला. सुभाष शेजारच्या मंगळ्याला म्हणाला, "माझ्या भावानं केलंय," जसं काही मंगळ्याला माहीतच नव्हतं.

जानी परत येताना पळत आली. कागद पिवळाच्या पिवळा होता. तिनं तो नाकाला लावला. "नुसती हळद हाय गो," ती समीक्षाला म्हणाली. समीक्षानं तिला मिठी मारली आणि यंत्र दोघींच्या मध्ये आलं.

हैबतराव सावकाश चालत आले. त्यांनी जुना कागद खिशातून काढला, सात ठिपक्यांचा, आणि फाडून टाकला. मग बांधावर उभं राहून ते वालाकडे बघू लागले. फुलाखालचे कोवळे शेंडे मावा लागून काळे पडायला लागले होते. आज औषध गेलं नसतं तर आठवड्यानंतर मारून उपयोग नव्हता.

"भर औषध," ते दिनेशला म्हणाले.

दिनेशनं मान हलवली. समीक्षानं मात्र लगेच पुढचं सांगितलं, कारण तिला खोटं बोलता येत नव्हतं. आता फवारा अरुंद आहे, जानीच्या बाजूला आणखी वीस पावलं सोडायची आहेत, बांधाच्या फार जवळून जाता येणार नाही. म्हणजे चारी बाजूंनी पट्टी राहील. आबा, तुमची कड राहील.

म्हाताऱ्यानं ते ऐकून घेतलं. शेताच्या कोपऱ्यातल्या खोपीच्या कुडाला फवारणीचा हातपंप टांगलेला होता, पाठीवर घ्यायचा. ते तिकडे चालू लागले. ब्याऐंशीव्या वर्षी सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन हा माणूस आता चारी बांध फिरणार, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि रीत अशी की कुणी त्यांना अडवायचं नाही. मंगळ्या एक पाऊल पुढे झाला. दिनेश त्याच्याकडे नुसता बघत राहिला. ज्या माणसासाठी बारा वर्षं घालवली, त्याच्याच पाठीवर पुन्हा पंप द्यायचा?

सुभाष मधून गेला. त्यानं बापाच्या आधी पंप गाठला आणि पट्टे खांद्यात घातले.

"कड मी करतो," तो म्हणाला.

"तुला जमंल?"

"इसरलो असंन. तुम्ही हाव ना सांगायला."

हैबतरावांनी मागून पट्टा ओढून घट्ट केला, लहानपणी दप्तराचा करायचे तसा. समीक्षानं धावत येऊन बापाच्या तोंडाला फडकं बांधलं. निंबोळीचंच औषध होतं, तरी बांधलं, आणि गाठ मारताना तिचा हात क्षणभर त्याच्या मानेवर राहिला. बंगळुरूचं काय ते तिनं विचारलं नाही. त्यानंही पुढे कधी काढलं नाही.

बांधाला पाय लागला तेव्हा सुभाषला तो निसरडा वाटला. डाव्या हातानं दांडी मारायची, उजव्या हातानं फवारा धरायचा, एक पाऊल टाकायचं. दहा पावलांत त्याला धाप लागली. विसाव्या पावलाला हात जुळले. जुळले म्हणजे काय, आठवले. मावा शेंड्याच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून फवारा खालून वर मारायचा, हेही आठवलं.

मागे इंजिनाचा आवाज उठला. मुरमावरून धावलं, उचललं, वळलं. मग आवाज मोठा होत गेला आणि विमान वालावर शिरलं. या वेळी पडद्याला निंबोळीचा वास होता. ते सुभाषच्या उजव्या हाताला, दहा पावलांवरून, जवळजवळ त्याच्या खांद्याच्या उंचीवरून गेलं. मागे पानं थरथरली, उलटी झाली, खालची फिकी बाजू दिसली आणि पुन्हा सुलटी झाली. सुभाष थांबला. दांडीवरचा हात थांबला. तोंडावरच्या फडक्याआड तो हसत होता, आणि विमान बांध ओलांडून वर, आणखी वर उठत गेलं तशी त्याची मानही वर होत गेली.

"सुब्या!" मागून बापाचा आवाज आला. "वर काय बघतोस? कड सुटली."